आयसीयूच्या दारात गाडी विकू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील 66 वर्षांचे, सांगलीहून पुण्याला आणलेत, बायपास आणि सोबत एक व्हॉल्व्ह बदलायचा, ऑपरेशन परवा. हॉस्पिटलनं एस्टिमेट दिलंय 7 लाख 80 हजारांचं. 2018 पासून न चुकता भरलेली 5 लाखांची पॉलिसी आहे, पण विमा कंपनीची पहिली मंजुरी आलीय फक्त दीड लाखाची. काउंटरवरून निरोप आलाय, उद्या दुपारपर्यंत 3 लाख डिपॉझिट भरा. गाडी 2018 ची डिझायर, पेट्रोल, 62 हजार किलोमीटर, वडिलांच्या नावावर. कर्ज 2023 मध्ये फिटलं, तरी आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच. ॲपवर भाव दिसला 4 लाख 60 हजार, त्यांचा माणूस गाडी बघून गेल्यावर तो 3 लाख 85 वर आला. आणि एक एजंट म्हणतो, आज रात्री सव्वातीन रोख देतो, फॉर्मवर नुसत्या सह्या द्या, नाव मी नंतर टाकतो. तुम्ही विचारलंय, दोघांपैकी कुणाला देऊ?

आज कुणालाच देऊ नका.

मी 24 वर्षं जुन्या गाड्यांच्या धंद्यात आहे, आधी कोल्हापुरात, आता पुण्यात. या धंद्यात 'अर्जंट' गाडी कशी ओळखतात ते आधी सांगतो, म्हणजे सव्वातीन हा आकडा कुठून आला ते कळेल. गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिन दाखवत असतं, पण आमची नजर आधी डॅशबोर्डवर जाते. तिथं हॉस्पिटलच्या पार्किंगच्या चार-पाच चिठ्ठ्या पडलेल्या असतात. आरशाला व्हिजिटर पास लटकलेला असतो. मागच्या सीटवर एक्स-रेचं मोठं पाकीट, थर्मास, एक उशी. हे दिसलं की आम्ही इंजिनाबद्दल फार विचारतच नाही. "काका कसे आहेत आता?" असं विचारतो, आणि मनातल्या भावातून चाळीस-पन्नास हजार कमी करतो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा गाड्या घेतल्यात. म्हणून पहिलं काम आजच करा. गाडी रिकामी करा, धुऊन घ्या, आणि कुणी विचारलंच तर "दुसरी घ्यायचीय" एवढंच सांगा.

आता हिशेब मांडतो, कारण तुम्ही तो मांडलेला दिसत नाही. तुमच्या डिझायरला सांगलीत, कागद साफ असतील तर, साडेचारच्या आसपास भाव मिळायला हरकत नाही. एजंट देतोय सव्वातीन. फरक सव्वा लाखाचा. घरातलं सोनं बँकेत किंवा पतसंस्थेत तारण ठेवून तीन लाख उचलले आणि व्याज महिना एक टक्का धरलं, तर महिन्याचे होतात तीन हजार. सव्वा लाख एकीकडे, तीन हजार एकीकडे. सोनं ठेवायला आई नको म्हणेल, कळतं मला. पण ते सोनं परत सोडवता येतं, गाडी एकदा गेली की गेली. तुमची नोकरी असेल तर आजारपणासाठी पीएफमधूनही आगाऊ रक्कम काढता येते, त्याचा फॉर्म नंबर 31. (आरटीओतही एक फॉर्म 31 आहे, तो मालक वारल्यावर वारसाच्या नावे गाडी करण्याचा. म्हणून सांगतो, आज 31 भरायचाच असेल तर पीएफचा भरा.)

आता हॉस्पिटलकडे वळू. मी डॉक्टर नाही आणि विमा एजंटही नाही. पण माझ्या धंद्यात दर महिन्याला एकतरी गाडी दवाखान्यामुळे येते, त्यामुळे बिलिंग काउंटर मला आरटीओइतकंच पाठ झालंय.

खोटी आशा दाखवत नाही. 7 लाख 80 हजारांतून 5 लाख वजा केले तर 2 लाख 80 हजार तुमच्या खिशातून जाणार, वर ग्लोव्हज-मास्कपासून फाईल चार्जपर्यंत जे काही 'नॉन-पेएबल' म्हणून काढलं जाईल ते वेगळं. म्हणजे पैसे लागणारच आहेत. पण ते उद्या दुपारी बाराला लागत नाहीत, डिस्चार्जच्या दिवशी लागतात, आणि बायपासचा पेशंट आठवडाभर तरी आत असतो. दीड लाखाची मंजुरी बघून घाबरू नका. पहिली मंजुरी बहुतेक वेळा अशी तुटपुंजीच येते, पुढे खर्च वाढेल तशी हॉस्पिटलनं वाढीव मंजुरी मागायची असते. ती मागितली का, हे टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातल्या विम्याच्या खिडकीवर) रोज जाऊन विचारा. तोंडी "पाठवलंय" यावर विश्वास ठेवू नका, पाठवलेल्या ईमेलची वेळ बघायला मागा.

त्यानंतर बिलिंग मॅनेजरला भेटा. काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून उपयोग नाही, तिच्या हातात काहीच नसतं. त्यांना दोन गोष्टी विचारा. पहिली, हे एस्टिमेट विमा कंपनीशी ठरलेल्या दरानं आहे की हॉस्पिटलच्या खुल्या दरानं? हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमध्ये असेल तर दोघांत दर आधीच ठरलेले असतात आणि ते बहुतेक वेळा खुल्या दरापेक्षा कमी असतात. दुसरी, आज एक लाख घ्या, बाकीचे डिस्चार्जच्या आधी देतो, असं लिहून दिलं तर चालेल का? निम्म्याहून जास्त वेळा हो म्हणतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय. फक्त विचारावं लागतं, आणि बॅगेत रोकड घेऊन विचारू नये.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट मात्र गाडीची नव्हती, खोलीची होती. तुम्ही सहज लिहून गेलात की "शेअरिंग मिळाली नाही म्हणून सिंगल घेतली, 7,500 रुपये". पॉलिसीचा कागद काढा आणि खोलीभाड्याची मर्यादा बघा. जुन्या पॉलिसीत ती बऱ्याचदा विम्याच्या रकमेच्या एक टक्का असते, म्हणजे तुम्हाला दिवसाला 5,000. तसं असेल तर कंपनी नुसते वरचे अडीच हजार कापून थांबत नाही. पाच हजार भागिले साडेसात हजार, म्हणजे दोन तृतीयांश, या प्रमाणात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असा सगळाच खर्च कापते. हा खर्च समजा तीन लाख झाला, तर एक लाख त्या खोलीपायी गेले. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. तो नियम झालाय, तरी बिलावर नजर ठेवा. मर्यादा असेल तर आजच अर्ज देऊन खोली बदलून मागा. वडिलांना शेजारी एक पेशंट सहन करावा लागेल. एका लाखात मी तीन सहन केले असते.

हे मी शहाणपणानं नाही, पैसे घालवून शिकलो. 2017 मध्ये आईचं खुब्याचं हाड मोडलं. एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल माझी आजही तक्रार नाही. डिस्चार्ज सकाळी अकराला मिळाला. आई साडी बदलून, केस विंचरून बेडच्या कडेला बसली. कंपनीची क्वेरी आली दोन वाजता: पेशंटला रक्तदाब दहा वर्षांपासून आहे, मग पॉलिसी घेताना लपवला का? आम्ही चक्रावलो. आईला रक्तदाब आहे हे कळून दहा महिनेच झाले होते. फाईल उलटून बघितली तर ॲडमिट करताना रात्री अडीचला एका शिकाऊ डॉक्टरनं हिस्ट्री लिहिली होती, आणि दहाच्या पुढे महिन्यांच्या 'एम'च्या जागी वर्षांचा 'वाय' काढला होता. एक अक्षर. तो डॉक्टर नाइट करून घरी गेलेला. त्याच्याशिवाय दुरुस्ती करायला कुणी तयार नाही. आमच्या धंद्यात चेसिस नंबरातला एक आकडा चुकला की आरटीओ फाईल फेकून देतं, त्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या. पण तिथं गाडी उभी असते, इथं आई बसली होती. त्याला फोन करून, गाडी पाठवून परत आणला, दुरुस्तीवर सही-शिक्का घेतला, मग इम्प्लांटचा स्टिकर फाईलला लागलेला नाही म्हणून पुन्हा अडलं. रात्री पावणेदहाला सुटलो. बिलात आणखी एका दिवसाचं खोलीभाडं लागलं होतं.

आणि त्या आठवड्यात मी काय केलं माहितीये? मंजुरीचं लटकलंय म्हणून माझी स्वतःची गाडी धंद्यातल्याच एकाला चाळीस हजार कमी घेऊन विकली. त्यानं बघताक्षणी ओळखलं. गाडीत आईचा वॉकर होता.

त्यानंतर नियम सुधारलेत, ते तुम्हाला माहीत असावेत. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) मे 2024 च्या आदेशाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा, आणि हॉस्पिटलनं डिस्चार्जची विनंती पाठवल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलनं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं स्वतःच्या भागधारकांच्या पैशातून भरायचे. तसंच पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल तर "तुम्ही आजार लपवला" म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. तुमची 2018 पासूनची आहे, म्हणजे या बाबतीत तुम्ही सुरक्षित आहात. तरीही ॲडमिशनच्या कागदावर हिस्ट्री काय लिहिलीय ते आज रात्रीच वाचा, ऑपरेशनच्या आधी. डिस्चार्जच्या दिवशी वाचाल तर माझ्यासारखे बसाल. कंपनीनं पुढे नाहक कापाकापी केली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे आणि फी लागत नाही.

महात्मा फुले योजनेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. 2023 च्या निर्णयानं ती सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली, पांढऱ्यालासुद्धा, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. बायपास त्यात बसते. अट एकच, हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे, आणि ते ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे) नोंदवायचं असतं, बिल झाल्यावर नाही. तुमचं हॉस्पिटल योजनेत नसेल तर परवाच्या ऑपरेशनसाठी पेशंट हलवायचा की नाही हा डॉक्टरांचा प्रश्न आहे, माझा नाही. पण पांढरं कार्ड आहे म्हणून चौकशीच करायची नाही, ही चूक सांगली-कोल्हापूरकडची निम्मी माणसं अजून करतात. धर्मादाय हॉस्पिटलातल्या दहा टक्के मोफत आणि दहा टक्के सवलतीच्या खाटांना उत्पन्नाची मर्यादा आहे, गाडीवाल्याचं त्यात सहसा जमत नाही.

माझा भाचा अर्थशास्त्र शिकतो. त्यानं मला एकदा सांगितलं की जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन माणसानं 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, विकणाऱ्याला सगळं माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही, मग बाजाराचं काय होतं यावर, आणि त्याला 2001 मध्ये नोबेल मिळालं. मी म्हटलं, एवढं तर आमच्या मेकॅनिकलाही माहितीये. तर म्हणाला, मामा, त्याच निबंधात पुढे 65 वर्षांवरच्या माणसांना आरोग्य विमा का मिळत नाही तेही आहे. तेव्हा मात्र गप्प बसलो. लोक आम्हाला चोर म्हणतात, पण माझ्याकडे गाडी घ्यायला आलात तर भाव आधी सांगतो, तुमचा मेकॅनिक आणू देतो, नको वाटलं तर उठून जाऊ देतो. बिलिंग काउंटरवरून उठून जाता येत नाही. 2021 पासून महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलांना मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. बघा बरं तुमच्याकडे कुठं लावलेत. मी बहुतेक ठिकाणी ते लिफ्टच्या मागे बघितलेत.

असो. आता गाडी.

पहिली अडचण, गाडी वडिलांच्या नावावर आहे. विकायचा निर्णय त्यांचा आणि सहीही त्यांचीच. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, म्हणजे फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, यांवर त्यांच्याऐवजी तुम्ही सही केली तर ती खोटी सही. एजंट हसत म्हणतो, "चालतं हो, सगळे करतात." सगळे करतात हे खरंय. पण उद्या भाऊ-बहिणीत वाद झाला किंवा गाडीनं काही केलं, तर त्या सहीचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, एजंटाला नाही. आज वडील शुद्धीवर आहेत, बोलताहेत. त्यांना विचारा. बऱ्याच घरांत हे विचारायचंच राहून जातं. म्हाताऱ्या माणसाला शॉक बसेल म्हणून गाडी परस्पर विकतात, आणि माणूस बरा होऊन घरी आला की पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कुठंय?"

त्यांची एक सही मात्र आज घ्याच, बँकेच्या अर्जावर. कर्ज 2023 ला फिटलं तरी आरसीवर बोजा तसाच आहे, म्हणजे तेव्हा मिळालेली बँकेची एनओसी घरात कुठंतरी पडली असणार आणि आरटीओच्या दृष्टीनं ती आता शिळी असेल. नवी एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 मागवा. बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि उतरलेला नसेल तर घेणारा त्या एका नावापायी दहा-पंधरा हजार तोडून मागतो. ॲपवाल्यानं 75 हजार तोडले त्यात हाही भाग असणार. ऑनलाइन दिसणारा भाव म्हणजे स्थळाचा फोटो. बघण्याच्या कार्यक्रमानंतर जे बोलतात ते खरं. तरी त्याच्याकडून कापलेल्या रकमेची यादी मागा. कोणत्या पॅनलचे किती, टायरचे किती. ती यादी घेऊन सांगलीत दुसऱ्या दोघांना गाडी दाखवा.

सांगलीत म्हणतोय, पुण्यात नाही. एमएच-10 पासिंग आणि 2018 चं मॉडेल दिसलं की पुण्याचा घेणारा मनात पहिलं काय म्हणतो, माहितीये? ऑगस्ट 2019. त्या पुरात कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यांत खपवल्या गेल्या, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुमची गाडी कोरडी राहिली असेल तर ते सिद्ध करा. ऑगस्ट 2019 च्या पुढची सर्व्हिसची बिलं काढून ठेवा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवा. पाण्यात गेलेल्या गाडीचा बेल्ट कितीही धुतला तरी रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्टीवर गाळाची पिवळट रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा उघडून दाखवा, तिथला पत्रा आणि स्क्रूची डोकी गंजलेली नसली की निम्मं काम झालं. सांगलीचा घेणारा कोणत्या गल्लीत पाणी आलं होतं आणि कोणत्या नाही हे जाणतो. पत्ता ऐकूनच त्याचा विश्वास बसतो.

भावाबद्दल आणखी एक, म्हणजे अपेक्षा उगाच चढायला नको. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यानं जुन्यांचेही भाव खाली ओढले. शिवाय जानेवारी 2025 पासून नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी आहे, छोट्या गाडीला तो आधी 12 होता. थेट माणसानं माणसाला विकली तर हा कर लागत नाही. त्यामुळे ओळखीतला घेणारा मिळाला तर दोघांचंही भलं, फक्त ओळखीत कागद ढिले सोडू नका.

आता त्या सव्वातीन रोखवाल्याकडे येतो. आयकर कायद्यानं एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर जेवढी रक्कम तेवढाच दंड, आणि तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. हॉस्पिटललाही तोच नियम. म्हणजे आज रात्री सव्वातीन लाखांची पिशवी घेऊन तुम्ही काउंटरवर गेलात तर तीन लाख रोख ते घेऊच शकत नाहीत. मग त्या रोकडीचा घाईत उपयोग काय? पैसे वडिलांच्या खात्यात बँकेतूनच घ्या, जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमध्ये दिसल्याशिवाय चावी देऊ नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर चावी दिलेली माणसं मी बघितलीत. घरच्या वापरातल्या गाडीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ती काळजी नको.

आणि कोरे फॉर्म. तो नाव नंतर टाकतो म्हणजे काय करतो, तर गाडी स्वतःच्या नावावर न करता तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. कधीकधी वर्ष-दोन वर्षं गाडी तुमच्या वडिलांच्याच नावानं फिरते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक, मग गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. माझ्या एका गिऱ्हाइकाला गाडी विकल्यावर तीन वर्षांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली. गाडी कुणाकडे आहे हेही त्याला माहीत नव्हतं. विमाही संपलेला. तुमचे वडील बायपासनंतर असली नोटीस हातात घेणार आहेत का?

म्हणून डीलरला द्यायची असेल तर अधिकृत डीलरलाच द्या. एप्रिल 2023 पासून अशा डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात घेताना फॉर्म 29सी तुम्ही दोघांनी मिळून सरकारच्या वाहन पोर्टलवर भरायचा असतो. तो भरला की पुढच्या भानगडींना डीलर जबाबदार. "29सी करणार ना?" एवढा प्रश्न विचारून बघा, समोरचा कोण आहे ते चेहऱ्यावरच कळतं. थेट माणसाला विकलीत तर 29 आणि 30 पूर्ण भरून, त्याचं नाव-पत्ता-तारीख तुमच्या डोळ्यांसमोर लिहून सह्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. आणि ताबा पावती. तिच्यावर तारीख तर असतेच, पण वेळही लिहा, तास-मिनिटांसकट, आणि किलोमीटर. त्या क्षणी मीटरचा फोटो काढा, घेणारा फ्रेममध्ये हवा. रात्री दोनला खंबाटकी घाटात काही झालं तर 'संध्याकाळी 6:20' हे शब्द तुमच्या कामाला येतील.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर त्याच्या महाबळेश्वर सहलीचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. जुनी चलनं आधी भरून टाका. 2019 च्या एप्रिलआधीची गाडी आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर आरटीओत हस्तांतरणाचं काम अडेल, तिची वेळ आजच घ्या. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल गाडीच्या विम्यात मिळणारी सूट, सोडू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो.

दुसरी गाडी कोणती, हेही तुम्ही विचारलंय, दोन-अडीच लाखांतली, तपासणीला न्यायला-आणायला. वर्षभर घेऊ नका. सांगली-पुणे महिन्यातून एकदा येणार, तेवढ्याला भाड्याची गाडी परवडते, आणि अडीच लाखांत येणारी गाडी सहा महिन्यांत क्लच नाहीतर एसी मागतेच. घ्यायचीच झाली तर वॅगनआरसारखी उंच घ्या. छातीचं हाड जोडलेल्या माणसाला खाली बसून पुन्हा वर येताना हातावर जोर द्यावा लागू नये. वडिलांना सोबत न्या आणि चढ-उतार करून बघा. इंजिन मेकॅनिक बघेल, सीट त्यांनी बघायची.

राहता राहिला त्यांचा मोबाइल. वाहन पोर्टलवर त्यांचा कोणता नंबर आहे तो तपासा. हस्तांतरणाचा ओटीपी त्यावर येणार, आणि आयसीयूत नेताना फोन-घड्याळ-चष्मा पिशवीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. ती पिशवी आईकडे ठेवा, स्क्रीनचा पासवर्ड परवाच्या आधी वडिलांना विचारून घ्या, आणि फोन चार्जिंगला लावून ठेवा.